फेसाचा पोंगल

कोपऱ्यावर ऊस आला आहे. काल शाळेतून निघून बस स्टॉपकडे चालले होते, तर काळ्या-जांभळ्या उसाच्या मोळ्या वाण्याच्या भिंतीला टेकून उभ्या. शेंड्याची पात तशीच ठेवलेली. शेजारी ओल्या पोत्यावर हळदीची रोपं, कंदांसकट, मातीसकट. बायका एकेक जुडी उचलून मुळाशी नाक नेत होत्या. पोंगलच्या दिवशी ही जुडी मडक्याच्या गळ्याला बांधतात. मी नवीन नवीन मद्रासजवळच्या अंबत्तूरला आले तेव्हा इथलं बोलणं मला अजिबात कळत नव्हतं, पण हा वास कळला होता. हळद इथंही हळदच आहे, एवढ्याशा गोष्टीनं तेव्हा धीर आला होता.

काल त्याच हळदीच्या वासातून मला कपडे धुवायच्या पावडरीचा वास आला. तिथं तो असणं शक्य नव्हतं, पण आला. तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसलं. मी पदर नाकाशी धरला आणि रस्ता ओलांडला.

मी इथल्या एका लहान मुलांच्या शाळेत आया आहे. अडीच-तीन वर्षांची लेकरं येतात आणि दोन-तीन वर्षांनी मोठ्या शाळेत जातात. मुलं मला आयम्मा म्हणतात. शिकवणाऱ्या मिसही आयम्माच म्हणतात. शी धुणं, उलटी पुसणं, शेंबूड काढणं, ओल्या चड्ड्या बदलणं आणि डबे भरवणं ही माझी कामं. ओळखीच्या बायका विचारतात, तुला किळस नाही का गं येत? चार जणींत बोलायचं म्हटलं की माझा आवाज आत जातो, म्हणून मी हसून सोडून देते. खरं सांगायचं तर नाही येत. लेकराची शी ही लेकराची शी असते, ती दुसरं काही असल्याचं सोंग करत नाही. पाणी ओतलं की संपलं. मला किळस येते ती शाळेतल्या ऋतूंची.

आमच्या शाळेत ऋतू छापून येतात. कुठल्या तरी लांबच्या शहरात या शाळेचं मुख्य ऑफिस आहे. तिथून जूनच्या आधी एक रंगीत कॅलेंडर येतं आणि कुठल्या महिन्यात कुठली थीम ते त्यात लिहिलेलं असतं. शाळा चालवणाऱ्या मॅडम ते ऑफिसच्या दाराला चिकटवतात. जुलैत पावसाळा. जुलैत मद्रासच्या आभाळात ढग नावाला नसतो, नळ कोरडे पडलेले असतात, आमच्या गल्लीत बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत असतात. आणि शाळेत मी टेबलावर चढून झारीनं मुलांच्या डोक्यावर पाणी ओतत असते. खाली मुलं रंगीत छत्र्या धरून उभी, मिस मोबाईल धरून ओरडतेय, हसा हसा, वर बघा. एका पावसाळ्याला दोन बादल्या पाणी. घरी तेवढ्यात मी आंघोळी उरकते.

खरा पाऊस इथं ऐन कार्तिकात येतो. नोव्हेंबरात असा कोसळतो की गटारं उलटी वाहतात, शाळेच्या पायरीपर्यंत काळं पाणी येतं, मेलेल्या घुशी तरंगतात. तेव्हा शाळेला सुट्टी असते. पाणी ओसरलं की मी फिनाईल टाकून फरशी घासते आणि मिस भिंतीला कापूस चिकटवतात, कारण कॅलेंडरात हिवाळा आलेला असतो. कापसाचा माणूस करतात, त्याला गाजराचं नाक. मुलांना लोकरीच्या टोप्या घालून त्याच्याभोवती बसवतात. पंखा बंद, का तर कापूस उडतो. घामानं त्यांच्या कपाळावर पुरळ येतं. मी ओल्या फडक्यानं पुसते. ओल्या लोकरीला कसा वास येतो ते ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक.

उन्हाळ्यात आंबा. सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यायचं. एक खरा आंबा ताटात ठेवतात, मुलांना रांगेनं बोलावतात, प्रत्येकानं हात लावायचा, वास घ्यायचा आणि पुढं सरकायचं. कापत नाहीत. कपडे खराब होतात, आई-बाप तक्रार करतात. दुपारी मिस तो आंबा ऑफिसात बसून खातात आणि कोय मी उचलते.

मी हे ज्या कागदावर लिहितेय त्याच्या मागच्या बाजूला छत्रीचं चित्र आहे. अर्धी रंगवलेली. असे कागद वर्षाअखेरी रद्दीत जातात, मी थोडे घरी आणते. माझी शाळा चौथीपर्यंत. सोलापूरकडच्या आमच्या गावात ऋतू शाळेत शिकवत नसत. ज्वारीची सुगी आली की शाळाच रिकामी व्हायची. मोठी मुलं शेतात, आणि आमच्यासारख्या पोरी बांधावर, धाकट्यांना सांभाळायला. पाचवीत नाव घालायचं त्या वर्षी सुगी जरा लांबली. नंतर मला कुणी शाळेत जा म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासूनच मला विचारायची सवय नाही. पण त्या बांधावरचा हुरडा आठवतो. निखाऱ्यातून काढलेलं कणीस आई तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि गरम दाणे थेट माझ्या तोंडात सोडायची. काय आहे ते मी कधी बघितलं नाही. आईचा हात आला की तोंड उघडायचं, एवढंच.

कयल शाळेत आली तेव्हा तीन वर्षांची होती. तिची आई कामाला जाते, म्हणून शाळेमागच्या गल्लीत राहणारी तिची पाट्टी, म्हणजे आजी, तिला सोडायला-न्यायला येते. कयल रडायची नाही, बोलायची नाही आणि खायचीही नाही. डब्यात दहीभात असायचा, तो तसाच परत जायचा. मिसनी गाणी म्हटली, कार्टून दाखवलं, एकदा नाक दाबूनही बघितलं. ती दात आवळून बसायची. मग मॅडम म्हणाल्या, आयम्मा, ही तुझी.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसायला लागले. बोलायचं मला जमत नाही, म्हणून बोलत नसे. भाताचा लहान गोळा करायचा, तिच्यासमोर धरायचा आणि आपणच तोंड उघडून आ करायचं. किती दिवस असे गेले. मी आ करायची आणि ती माझ्या तोंडात बघत बसायची. एकदा मला जांभई आली, तर तिलाही आली, आणि मी तेवढ्यात गोळा सारला. तिनं तो खाल्ला. मग आमचं ठरूनच गेलं. मी आ केला की ती आ करणार. नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, त्या दिवसांत तर ती हातात काय आहे हेही बघेनाशी झाली. माझ्या तोंडाकडे बघायची आणि तोंड उघडायची. पाट्टी गेटवर रिकामा डबा हलवून बघायची आणि म्हणायची, माझ्या हातनं खात नाही गं ही, तू काय मंत्र घालतेस?

मला मूलबाळ नाही. ते एवढ्यासाठीच सांगितलं की त्या रिकाम्या डब्याचं मला काय वाटायचं ते कळावं.

मग मागच्या वर्षीचा पोंगल आला. पोंगलला इथं उघड्यावर चूल मांडून मडक्यात दूध उकळतात, ते उतू गेलं की सगळे पोंगलो पोंगल म्हणून ओरडतात. मग त्यात नवे तांदूळ, गूळ, काजू. उतू जाणं हाच सण. पण शाळेत विस्तव पेटवायला बंदी. मॅडमनी आदल्या दिवशी मला सांगितलं, कपड्याच्या पावडरीचा फेस कर. घट्ट कर, ओघळला पाहिजे, पण भसकन बसता कामा नये. मी बादलीत हात घालून फेटला. पांढराफेक दिसत होता, म्हणून त्यांनी चिमूटभर हळद टाकायला लावली. मडक्याला हळदीची जुडी बांधली, दोन्ही बाजूंनी ऊस बांधला, फेस वरून खाली ओघळवला आणि त्यावर काजू-बेदाणे लावले. ते मात्र खरे. खाली लाल पिवळ्या कागदाच्या ज्वाळा.

मी हळूच म्हणाले होते, मॅडम, घरनं थोडा खरा करून आणू का? त्या हसल्या. म्हणाल्या, "आयम्मा, फोटोत चव दिसते का?"

मुली रेशमी परकर-पोलक्यात, मुलगे जरीच्या वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात. वेष्टी सारखी सुटत होती. फेस दर पाच मिनिटांनी बसत होता आणि मी मागून पुन्हा भरत होते. कुणाच्याच चेहऱ्यावर आनंद येईना, कारण लेकरांना भूक लागली होती. मॅडमना एक फोटो हवा होता, मूल चमच्यानं पोंगल खातंय असा. त्यांनी कयलला पुढं घेतलं, ती माझ्यापाशी असली की हलत नाही म्हणून चमचा मला दिला आणि म्हणाल्या, द्यायचा नाही, नुसता तोंडाजवळ धर. मी धरला. चमच्यात फेस, फेसावर एक काजू. मिसनी तीन आकडे मोजले.

आणि सवयीनं माझं तोंड उघडलं.

मी आ केला. मला कळलंही नाही. कयलनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आ केला, आणि नेहमीसारखं पुढं होऊन चमचा ओठांत घेतला. मोबाईलचा आवाज झाला. मॅडम म्हणाल्या, सुपर. कयलनं गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातलं तिनं थुंकलं नाही, कारण माझ्या हातचं थुंकायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

पंधरा मिनिटांनी ती संडासाजवळ ओकली. रेशमी परकर सगळा भिजला. ओकारीतही फेस होता. मी तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं, पुन्हा ओकली. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, एवढ्याशानं काही होत नाही, घरी उगाच सांगू नकोस. आणि जाताना आठवण करून दिली की मडक्यातले काजू वेचून, धुऊन डब्यात परत ठेव. मी ते वेचले. धुतले. ठेवले. माझ्या बोटांना दोन दिवस तो वास येत होता.

पाट्टी आली तेव्हा कयल माझ्या खांद्यावर होती, दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रॉकमध्ये. मॅडमच पुढं होऊन बोलायला लागल्या, थोडं पोट बिघडलंय, ऊन फार होतं. पाट्टीनं त्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"तू सांग गं. काय खाल्लं हिनं?"

"गोड पोंगल," मी म्हणाले. "जरा जास्त झाला."

पाट्टीचा चेहरा सैल झाला. तिनं माझा दंड थोपटला. आमच्याकडे याच दिवसांत हातावर तिळगूळ ठेवून एकमेकांना गोड बोलायला सांगतात. मीही गोडच बोलले.

घरी आमच्या यांना सांगितलं. ते कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर असतात, हात कोपरापर्यंत काळे. साबणानं हात घासत होते. म्हणाले, बरं झालं की, पोट धुऊन निघालं पोरीचं. आणि आपल्याच बोलण्यावर हसले. मी त्यांच्या हातावरचा फेस बघत होते. त्या रात्री मी जेवले नाही.

सुट्टीनंतर कयल शाळेत आली. मी समोर बसले, गोळा केला, आ केला. तिनं तोंड उघडलं नाही. माझ्या हातातला गोळा आपल्या हातात घेतला, नाकाशी नेला, वास घेतला आणि मग स्वतः खाल्ला. त्या दिवसापासून ती प्रत्येक घासाचा वास घेते. आता ती वरच्या वर्गात आहे, चांगली चुरुचुरु बोलते, पण इडलीचा तुकडा असो की बिस्कीट, आधी नाक. वरच्या वर्गाच्या मिस तिला मांजर म्हणतात. वाढदिवसाच्या केकचाही तिनं वास घेतला तेव्हा सगळा वर्ग हसला होता. मिसनी वहीत शेरा लिहून दिला, खाण्याच्या सवयी सुधाराव्यात. तो शेरा पाट्टीला कुणी वाचून दाखवला असेल आणि तिनं नातीला काय सुनावलं असेल, ते मला माहीत नाही. मी गेटवर रोज तिला विचारत होते, पाट्टी, जेवण झालं का?

आता पुन्हा तो महिना. कॅलेंडरात कापणीचा सण. काल शनिवार, मुलांना सुट्टी, आम्ही सजावटीला गेलो तर गेटला नवा फ्लेक्स लावलेला. नव्या प्रवेशांसाठी. त्यावर कयल. डोळे मोठे, चकाकणारे, फोटोत ते पाणी आनंदाचं वाटतं. ओठांत चमचा. चमच्याच्या दांड्याला माझी बोटं, मनगटापर्यंत हात, दोन हिरव्या बांगड्या, आणि तिथं फोटो कापलेला. इंग्रजी अक्षरं मी याच वर्गाच्या भिंतीवरून शिकले आहे. एकेक जुळवत वाचलं, हॅपी हार्वेस्ट. मिसना अर्थ विचारला. म्हणाल्या, शेतातलं पीक घरी येतं ते. सुगी तर. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मॅडम म्हणाल्या, आयम्मा, फेस मागच्यासारखाच, जरा जास्त. पंधरा वर्षं मी या गावात आहे आणि कुणालाही नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. काल म्हणाले. म्हणजे नुसतं एवढंच, की फेस मी करणार नाही आणि चमचाही धरणार नाही. वाटलं, आता ओरडतील, काढून टाकतील. मॅडम गेटवरच्या फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, बरंच झालं, या वेळी एखादी आई धरेल, सिल्कची साडी नेसून. तुझा हात फोटोत फार काळा येतो. फेस काय, वॉचमनही करेल.

झालं. वर्षभर जे मी मनात घोळवत होते त्याची एवढीच किंमत. मी नाही म्हणाले आणि काहीच अडलं नाही. फेस होणारच होता. कुणाचं तरी तोंड उघडणारच होतं.

म्हणून काल हळदीच्या वासानं मी रस्ता ओलांडला, बस आली आणि ती मी जाऊ दिली. मागं फिरले. शाळेमागच्या गल्लीत पाट्टीचं दार उघडं होतं. ती सणाचं मुरुक्कू तळत होती, आपल्या चकलीसारखं असतं. तेलाचा, तांदळाच्या पिठाचा, हिंगाचा वास. मला बघून म्हणाली, ये बाई, आज वाट चुकलीस? मी वाटेत तीनदा घोकलेलं वाक्य उंबऱ्यावर उभी राहूनच बोलले, कारण आत गेले असते तर बोलले नसते.

"मागच्या वर्षी कयलनं पोंगल खाल्ला नव्हता. साबणाचा फेस होता. चमचा माझ्या हातात होता आणि तुम्हाला मी खोटं सांगितलं."

पाट्टीनं कढईतलं मुरुक्कू काढलं, तेल निथळू दिलं, गॅस बंद केला. मग माझ्याकडे बघितलं.

"वर्षभर गेटवर रोज भेटतेस," ती म्हणाली. "जेवले का, झोपले का, सगळं विचारतेस. एवढंच बरं राहून गेलं?"

तिनं झारा कढईवर आडवा ठेवला.

"त्याच दिवशी संध्याकाळी ती मला सांगत होती. आयम्मानं सोप दिला, आयम्मानं सोप दिला. तोवर घरात धड दोन शब्द बोलत नव्हती पोर. पहिल्यांदा एवढं बोलली, आणि मी तिच्या तोंडावर मारलं. म्हटलं, जी तुला भरवते तिच्याबद्दल खोटं बोलतेस?"

मी इतके दिवस त्या एका चमच्याचं ओझं वागवत होते. उलटी झाली, पोट साफ झालं, लेकरू बरं झालं, असंही मनाला सांगून बघितलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगितल्याबद्दल तिनं मार खाल्ला होता, आणि तो मी गोड पोंगल म्हणाले म्हणून. मॅडमच्या मडक्याची मला किळस येते असं मी इथं पानभर लिहिलं आहे. त्या मडक्यात निदान फेसच होता, वरून दिसत होता.

पाट्टीनं हाक मारली. कयल आतून आली, हाताला खडूची पांढरी भुकटी, आत फरशीवर रांगोळी गिरवत असणार. मी उंबऱ्यावर बसले, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर आली. म्हणाले, "कयल, तू सांगितलं होतंस ते खरं होतं. साबणच होता. मी दिला."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. पाट्टीकडे बघत होती.

"मी सांगितलं होतं," ती पाट्टीला म्हणाली.

पाट्टीनं पदरानं तोंड पुसलं. तेलकट हात कयलच्या डोक्यावर ठेवू की नको असं करत शेवटी मनगट टेकवलं. मग मला म्हणाली, सोमवारी शाळेत येते, बघते तुझ्या मॅडमकडे, त्या मडक्यातलं त्यांनाच चाखायला लावते. तुझं नाव नाही घेणार, भिऊ नकोस.

"घ्या," मी म्हणाले. "माझंच घ्या."

सोमवारी काय होईल, मंगळवारी मी कुठं असेन, ते मला माहीत नाही. आज रविवार आहे. इथं भोगीच्या पहाटे जुनंपानं जाळतात, त्यासाठी बाहेर पोरं जुने टायर गोळा करत हिंडताहेत, उद्या-परवा सगळी वस्ती धुरानं भरेल. काल मात्र पाट्टीनं मुरुक्कूची ताटली माझ्यापुढं सरकवली होती. मी एक उचललं, मोडलं. अर्धं उघड्या तळहातावर ठेवून कयलपुढं धरलं. तोंड घट्ट मिटून ठेवलं.

तिनं ते बोटांनी उचललं आणि नाकाशी नेलं.

"अगं, घरचं आहे, आत्ता तळलेलं," पाट्टी वैतागून म्हणाली. "मिस उगाच लिहून पाठवतात का?"

"बघू दे तिला," मी म्हणाले. "नीट वास घे गं. घाई नाही."

कयलनं एका बाजूचा वास घेतला. मग ते फिरवून दुसऱ्या बाजूचाही घेतला.